रेडिओ गप्प बसला तेव्हा

त्या सलूनवाल्याला सगळे 'रेडिओ' म्हणत. कात्री थांबायची, जीभ थांबायची नाही. केस कापून उठेपर्यंत गिऱ्हाइकाला अर्ध्या वस्तीच्या भानगडी तोंडपाठ झालेल्या असत.

त्यामुळे घशाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत धावून पैसे जमवायचं त्याने जाहीर केलं, तेव्हा गिऱ्हाइकांनी एकच अट घातली. धाव नाहीतर रांग, पण पूर्ण अंतर तोंडातून शब्द न काढता कापायचं. एक जरी शब्द निघाला, तर दमडी मिळणार नाही. त्यांच्यातलेच एक निवृत्त मास्तर सायकलवरून पाळत ठेवणार होते.

"हे धावून नाही मरायचे," त्याची बायको म्हणाली, "गप्प राहून मरतील."

पण त्याने अट मान्य केली, ती ताईसाठी. थोरली बहीण, बडबडीतली त्याची गुरू. ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला. गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळालं, पण त्यातली घरघर तिने एकदाच ऐकली आणि यंत्र पर्सच्या तळाशी गाडून टाकलं. 'मिक्सर बोलतोय असं वाटतं,' तिने पाटीवर लिहिलं. तेव्हापासून तिचं बोलणं पाटीवरच. घरातली ती शांतता रेडिओला खायला उठायची.

धावायला सुरुवात झाली आणि मास्तरांनी छळ मांडला. "हल्ली वस्तऱ्याला विचारतो कोण? घरची मशीन बरी!" रेडिओ लालबुंद झाला, पण त्याने ओठ काही उघडले नाहीत.

शेवटच्या टप्प्यात तो सगळ्यांच्या मागे राहिला. त्यात चौकातली दिशेची पाटी वाऱ्याने पालथी पडलेली. आता विचारणार कसं? त्याने मास्तरांना हातवारे केले. मास्तर आभाळाकडे बघू लागले. शेवटी देवावर हवाला ठेवून गडी उजवीकडे वळला.

फुटपाथवर उभ्या ताईचं काळीज लक्कन हललं. इतक्या जवळ येऊन सगळी मेहनत पाण्यात! तिने 'डावीकडे' लिहून पाटी डोक्यावर नाचवली. पण पाठमोऱ्या माणसाला पाटी दिसणार कशी? मग तिने जोरजोरात टाळ्या पिटल्या. कौतुक होतंय असं वाटून त्याने ऐटीत हात हलवला आणि वेग वाढवला.

ताईने पर्स उलटी केली आणि यंत्र गळ्याला लावलं.

"अरे गाढवा! डावीकडे!"

अख्खा चौक वळून बघायला लागला. रेडिओ जागच्या जागी थिजला. वळला, त्याने तोंड उघडलं आणि घाईघाईने दोन्ही हातांनी दाबून धरलं. डोळे मात्र कुणाचं ऐकेनात.

"रडतोस काय? पळ!"

तो पळाला.

शेवटची रेघ ओलांडल्यावर सगळे भोवती जमले. आता साचलेलं सगळं बदाबदा बाहेर पडणार, म्हणून मास्तरांनी कानांत बोटंसुद्धा घातली. रेडिओ नुसता पाणी पीत राहिला.

घरी जाताना गाडीत ताईची घरघर अखंड चालू होती. त्याचं धावणं, मास्तरांची सायकल, आयोजकांची पालथी पाटी, सगळ्यांचा उद्धार होत होता.

"अहो, आता तरी बोला की," बायको म्हणाली.

"थांब गं," तो म्हणाला. "ताई बोलतेय."