वैयक्तिक वापर

ठाकुर्लीच्या मेघना महेंद्र जाधवला अकराव्या वर्षापासून दिसत नाही. वर्तकनगरच्या कॉलनीत वाढलेली, कॅसेटवर धडे ऐकत एम.ए. झालेली ही बाई आता कल्याणच्या एका क्लासमध्ये बारावीला इतिहास शिकवते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिनं कॉलेजात असतानाच घेतलं होतं. तेव्हापासून नोट्स काढणं, प्रश्नपत्रिका करणं, मुलांनी टाइप करून पाठवलेले पेपर तपासणं सगळं त्याच आवाजावर चालायचं.

जानेवारीत ते मध्येच अडकायला लागलं म्हणून तिनं कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. कसली फाइल उघडताना अडकतं, असं पलीकडच्या मुलीनं विचारलं. मेघनानं सरळ सांगितलं, क्लासचे पेपर.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर गप्प. पडद्यावर काहीतरी आलंय एवढं तिला समजलं, पण ते वाचून दाखवणाराच मुका झाला होता. नवऱ्यानं, महेंद्रनं वाचलं, "व्यावसायिक वापर आढळल्यानं परवाना स्थगित."

"म्हणजे मी चोरी केली?" मेघना म्हणाली.

"अगं, सोड ना. तो ऑफिसवाला महागडा परवाना घेऊन टाकू. परीक्षा तोंडावर आल्यात."

तिनं मोबाइलवर परवान्याचा अख्खा करार वाचायला लावला आणि चहा गार होईपर्यंत ऐकत बसली. त्यात एवढंच होतं: हे सॉफ्टवेअर परवानाधारकाच्या वैयक्तिक वापरासाठी आहे. कमाई, नोकरी यांचा कुठे उल्लेखच नव्हता.

त्याच आठवड्यात दोघं ठाण्याला कंपनीच्या ऑफिसात गेले. विनीत नावाचा परवाना विभागाचा माणूस समोर बसला. बोलायला मऊ होता.

"मॅडम, वैयक्तिक म्हणजे घरगुती. तुम्ही त्यावर पगार मिळवता."

"घरगुती असं लिहिलंय का कुठे?"

"तसा अर्थ आहे त्याचा. आम्ही नेहमी तसाच घेतो."

"तुम्हाला चष्मा आहे?"

"आहे."

"घरी पेपर वाचायला वेगळा आणि इथं वेगळा?"

"मॅडम, चष्म्याचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे, तेवढं सांगा. मी वर्गात शिरले की माझे डोळे क्लासच्या मालकीचे होतात का?"

महेंद्रनं तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला. एवढा वेळ आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

विनीत आत जाऊन साहेबांशी बोलून आला. "साहेब म्हणतात, तुमची परिस्थिती बघता विशेष बाब म्हणून परवाना चालू करून देतो. सहानुभूतीपोटी."

महेंद्र खुर्चीतून अर्धा उठलाच होता. मेघना बसून राहिली.

"सहानुभूती मागायला आले नव्हते मी. मी लावलेला अर्थ चुकीचा असेल तर तसं लिहून द्या. बरोबर असेल तर तसं द्या."

"असं लिहून देता येत नाही, मॅडम. मग सगळेच मागतील."

"मागू देत की."

लिहून काही मिळालं नाही. परतताना कळव्याला महेंद्र म्हणाला, "देत होते ते घ्यायचं होतंस." ती म्हणाली, "आज कृपा म्हणून घेतलं, तर उद्या कृपा संपली म्हणून काढून घेतील."

तिच्यासारखीच अंध मैत्रीण चित्रा कल्याणहून आली आणि तिनं फुकट मिळणारं दुसरं सॉफ्टवेअर बसवून दिलं. त्याचा आवाज रुक्ष होता, ‘ळ’चा सरळ ‘ल’ करायचा. मेघनानं त्याच आवाजावर पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून संपवले. आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार टाकली. तिच्यामागोमाग चित्रानं, मग ऑफिसवाला परवाना गळ्यात मारलेल्या आणखी काही जणांनी.

सुनावणीच्या पहिल्याच तारखेला कंपनीचा वकील नवा करार घेऊन आला. त्यात ‘वैयक्तिक वापर (नोकरी-व्यवसायासह)’ असं होतं. मेघनाचा परवाना चालू झाला होता. माफीचा शब्द नव्हता. शब्दरचना अधिक स्पष्ट केली आहे, एवढंच.

बाहेर आल्यावर महेंद्र म्हणाला, "जिंकलीस की. आता तरी हास."

"स्पष्ट केली म्हणे," मेघना म्हणाली. "म्हणजे अर्थ आधीपासून हाच होता. मग इतकी वर्षं ज्यांना घाबरवून महागडा परवाना घ्यायला लावला, त्यांचं काय?"

तिथेच पायरीवर उभं राहून तिनं चित्राला फोन लावला. "त्या सगळ्यांची यादी कर, पैसे परत मागायचेत."