कोकिळामावशीचं नाक

डोणगावात कोनाची गाय व्याली, की चौथ्या दिवशी कोकिळामावशी दारात उभी. ना चहा, ना पानी. सिधी गोठ्यात जाते, गायीचं थोबाड दोन्ही हातांत धरते अन् नाक लावते. पोट्टे हासतात, "आली वासवाली!" हासा लेकहो. मी नाही हासत. मी धम्मरत्न, गुराच्या दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली काम करतो. त्या बाईच्या मांगं जे भूत लागलं, ते मीच लावलं.

तीन वर्सांआंधी मावशीची चंद्री गाभन होती. आपल्या इकडं व्यायच्या आंधी गायीले असं खाऊ घालतात, जशी पोरगी पहिल्या बाळंतपनाले माहेरी आली. मावशीनं तं हद्दच केली. सरकीची ढेप, ज्वारीच्या घुगऱ्या, वरून गूळ. चंद्रीची पाठ पाटावानी सपाट झाली. गावभर कौतुक. मीही म्हनलं, "वा मावशी, गाय पाहावी तं तुही!"

चंद्रीले कालवड झाली. चौथ्या दिवसापासून तिनं ढेपीले तोंड लावनं सोडलं, दूध घटलं. मावशीनं मले बोलावलं. "धम्मा, इच्या तोंडाले गोड गोड वास येऊन राह्यला. पाय बरं." मी वाकलो. मले कायचाच वास आला नाही. पन चार मानसं पाहून राह्यली होती, अन् मी दवाखान्याचा मानूस! म्हनून टाकलं, "तू गूळ चारला न, त्याचाच असन." पाचक पावडरीच्या पुड्या देल्ल्या अन् निंघून गेलो. मावशी खुश. येईन त्याले सांगे, "माह्या गायीच्या तोंडाले गुळाचा वास येते."

बाराव्या दिवशी चंद्री मेली.

डॉक्टरसाहेबांनं तिले उघडलं. कलेजी पिवळीजर्द. साहेबांनं तिचा तुकडा पान्याच्या बादलीत टाकला. तो बुडाले पाहिजे होता, पन लोन्याच्या गोळ्यावानी वर तरंगला. साहेब म्हनले, "गाय फार लठ्ठ होती. व्याल्यावर खानं कमी झालं, अंगातली चरबी जाऊन कलेजीत बसली. तो गोड वास याचाच. तवाच सलाईन लागलं असतं, तं वाचली असती. इतकं चारलं कोनं?"

मावशी म्हनली, "म्या."

मी बादलीकडं पाहत राह्यलो. पुड्यांचं नाव काढलं नाही.

तवापासून मावशीनं घरात ताक घुसळलं नाही. लोनी वर आलं, का बादली दिसते म्हने. पिकल्या पेरवातून तोच वास, नातवाच्या तोंडातून तोच वास, परसादाच्या शिऱ्यातूनही तोच. भर दुपारी भांडे घासता घासता उठे अन् रिकाम्या खुट्यापाशी जाऊन बसे. मी रस्त्यात भेटलो का विचारे, "म्याच मारली न रे धम्मा तिले?" अन् मी नालायक म्हनो, "जाऊ दे मावशी."

मांगच्या वर्षी बुलढान्याले ट्रेनिंग होतं. तिथं समजलं, काही मानसांच्या नाकाले हा वास जन्मापासूनच लागत नाही. त्यातला मी एक. त्या दिवशी मले जेवन गेलं नाही.

यंदा चंद्रीची कालवड, कपिली, व्याली. मावशीनं तिले मोजून-मापून चारलं होतं. तरी पाचव्या दिवशी फोन आला. "धम्मा, वास आला." मले वाटलं, बाईले तं सदाच येते. पन ती म्हनली, "तुहं नाक नोको आनू. पट्टी आन."

मुत तपासाची पट्टी. बुडवली, अन् पाहता पाहता जांभळी झाली, म्हंजे चंद्रीचाच रोग. बाप्पा! लगेच साहेबांले बोलावलं, सलाईन लावलं, औषध पाजलं. तीन दिवस मावशी गोठ्यातून हालली नाही. चौथ्या दिवशी सकाळी कपिलीनं घमेल्यात तोंड घातलं अन् सारी ढेप फस्त केली. मावशी रडली. मीही रडलो.

मंग मले राह्यवलं नाही. "मावशी, चंद्रीच्या वक्ती मले..."

"वास आला नव्हता," ती म्हनली. "तुह्या तोंडावरच दिसलं होतं. पन गुळाचा हाय म्हनला, तं बरं वाटलं मले. म्हनून मानलं."

"मंग दरवेळी मले काऊन विचारे, म्याच मारली का म्हनून?"

मावशीनं कपिलीच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू 'आपन दोघांनं मारली' म्हनशीन, म्हनून. तीन वर्सं लावले तूनं."