प्रसूती कोणी केली

"मावशी, ती बाहुली पुसून पिशवीत भरा."

सोलापूरच्या प्रशिक्षण हॉलमध्ये, चाळीस नर्सांसमोर, परीक्षक मॅडम मला असं म्हणाल्या. मावशी म्हणजे लेबर रूमची फरशी पुसणारी बाई. मी एएनएम, सरकारी नर्स. तेवीस वर्षं बाळंतपणं करणारी. अंगावर सगळ्यांसारखाच पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र. सकाळी हजेरी घेताना माझं आडनाव वाचून त्यांनी मान वर केली होती आणि चेहरा नीट पाहून घेतला होता. तेव्हापासून एकोणचाळीस जणी सिस्टर आणि मी मावशी.

शेजारी वैशाली बसली होती. आमच्या सांगोल्याकडच्या आरोग्य केंद्राची स्टाफ नर्स. पदवीवाली, वडील प्राध्यापक, माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. तिला तर त्या "वैशाली मॅडम" म्हणत होत्या.

मी वैशालीवर जळायचे. लपूनछपून नाही, चांगली धगधगून. तिच्या टपोऱ्या अक्षरावर जळायचे. खिशाला लावलेल्या चार रंगांच्या पेनवर. ती डॉक्टरांशी इंग्रजीत हसते, त्या हसण्यावरसुद्धा. इंग्रजीत हसणं कसं असतं ते मला विचारू नका. ती हसते.

त्या दिवशी आमची तपासणी होती. बाळंतपणातलं कुणाला काय येतं, कुणाला काय शिकवायला हवं, ते बघायचं. जी सगळ्यांत चांगली ठरेल ती मिडवाइफरीच्या, म्हणजे बाळंतपणाच्या, मोठ्या प्रशिक्षणाला जाणार, पुढे इतरांना शिकवणार. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की आदल्या आठवड्यात मी घरी उशीचं बाळंतपण करत होते. नवरा दारातून म्हणाला, "काय झालं गं, मुलगा का मुलगी?"

आधी वैशालीची पाळी. रबराची बाई, रबराचं बाळ. बाळ रडत नाही, असं धरायचं. वैशाली बोलत गेली, "मी आता हात धुते आहे. मी आता बाळ कोरडं करते आहे." एका हातात बाळ, दुसरा हात नुसता हवेत. मॅडमच्या यादीवर टिक, टिक, टिक. मी मनात म्हटलं, पड बाळा, पड तिच्या हातातून. नाही पडलं. रबरही तिच्याच बाजूचं.

मग मी. बाळ उचललं, पुसलं, पाठ चोळली, मान सरळ केली, तोंडावर मास्क धरून हवेची पिशवी दाबून श्वास दिला. मॅडम पहिली ओळ वाचत होत्या तोवर माझं बाळ जगलं होतं.

"तुम्ही काही बोललाच नाहीत. न बोललेलं धरत नाही."

"बोलत बसले तर लेकरू निळं पडंल की, मॅडम."

हॉल हसला. मॅडमनी शेरा लिहिला: मूलभूत प्रशिक्षण आवश्यक. आणि मग ते बाहुलीचं वाक्य.

मी पुसली. हो, पुसली. हातांनी आपोआप फडकं घेतलं. माझी आई गावात सुईण होती. लोकांच्या लेकी तिच्या मांडीवर मोकळ्या व्हायच्या. नंतर तिला पाणी मिळायचं ते मागच्या दारी, वरून ओंजळीत. बारशाला बोलावणं नाही. बाळ कुणी काढलं ते गाव महिन्याभरात विसरायचं. म्हणून तर मी नर्स झाले. निदान कागदावर नाव राहील.

मी पुसत होते आणि मॅडम तपासणीसाठी मागवलेलं आमच्या केंद्राचं रजिस्टर चाळत होत्या. "बघा, वर्षभरात तुमच्या नावावर चारच बाळंतपणं. बाकी सगळी वैशाली मॅडमची. सरावच नाही तुम्हाला."

चार?

आमच्याकडे रीत अशी. बाळंतपण मी करायचं, रजिस्टर वैशालीनं भरायचं. माझे हात रक्तानं भरलेले. ते धुऊन होईतो तिचं लिहून झालेलं असायचं. मी एकदा पेन मागितलं, तर म्हणाली, "ताई, तुमचं अक्षर वरच्यांना लागत नाही हो." मला पटलं. माझं अक्षर आहेच तसं. मी तिच्या अक्षरावर जळत राहिले आणि त्या अक्षरात काय लिहिलंय ते कधी वाचलंच नाही. आता वाकून पाहिलं, तर 'प्रसूती कोणी केली' या रकान्यात, पानामागून पान, वैशाली.

मी बाहुली टेबलावर ठेवली.

"ही मी भरणार न्हाय. वैशाली सिस्टर, डाळिंबाच्या बागेतनं आलेल्या त्या बाईचं पायाळू बाळ कुणी काढलं?"

वैशाली पेनाचे रंग बदलत बसली. टक्, टक्. "ताई, हे इथं नको ना."

"हितंच. नाव सांगा."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "यांनी."

मॅडमनी रजिस्टर मिटलं. "नोंदीत आहे तेच आम्ही धरतो."

निवड वैशालीची झाली. मला पाच दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण. ते मी केलं, बोलून बोलून केलं. "मी आता पदर खोचते आहे. मी आता खोकते आहे." शिकवणारी हात जोडायला लागली.

परत आल्यावर पहिलं बाळंतपण झालं. वैशालीची जायची तयारी चालली होती, तरी तिनं सवयीनं रजिस्टर ओढलं.

"थांबा," मी म्हणाले. "माझं हात धुऊन हुईस्तोवर त्या पानाला शिवायचं न्हाय."

ती थांबली. मी सावकाश हात धुतले, नखांसकट. मग माझ्या त्या वाकड्यातिकड्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट.

जळणं थांबलेलं नाही. ती तिकडे माझ्या जागेवर बसून शिकते आहे, या विचारानं अजून धगधगते. धगधगू दे. तिच्या जागी नवी सिस्टर आली, तिला पहिल्याच दिवशी सांगितलंय: मी काढलेल्या बाळाच्या रकान्यात दुसरं नाव दिसलं, तर त्याच दिवशी वर लेखी तक्रार जाईल. पुढची तपासणी लागेल तेव्हा रजिस्टर मी स्वतः उघडून टेबलावर ठेवणार आहे. आणि ती जागा घेणार आहे.