पोटानं गेलेल्यांची पानं

“बसू द्या आधी, अण्णा. मेलेल्यांची नावं उभ्यानं घ्यायची न्हाईत.”

माझ्या गाळ्यात आला की हेळवी हे म्हणायचा आणि लेथ मशीनशेजारी फतकल मारायचा. हेळवी तुम्हीही पाहिला असेल. घराण्यांच्या पिढ्या चोपडीत लिहिणारा आणि सुगीनंतर दारोदार जाऊन त्या वाचून दाखवणारा. याचा बाप बैलावर बसून यायचा. हा गडहिंग्लजच्या एसटीने यायचा. बैलाची घंटा तेवढी पिशवीला बांधलेली.

मला त्याचा राग यायचा. मी आठ वर्षांचा असताना काकाने वाटणीत आमच्या हातावर एक घागर आणि पडका गोठा ठेवला. त्या धसक्याने वडिलांनी अंथरूण धरलं आणि वर्षाच्या आत ते गेले. आईने मला घेऊन गडमुडशिंगी सोडली. पुढचं सगळं मी माझ्या हिमतीवर उभं केलं. म्हणून हेळव्याला दरवर्षी सांगायचो, “माझं घरानं माझ्यापासनं सुरू हुतंय. मागचं वाचू नगं.”

“मुळाबगर शेंडा असतोय व्हय कुठं?” तो हसायचा. मग आमची घासाघीस सुरू. तो नवं धोतर मागायचा, मी जुनी पँट पुढे करायचो. शेवटी टॉवेलवर मिटायचं. टॉवेल डोक्याला गुंडाळत तो म्हणायचा, “ह्यो बी लिवून ठेवतो.”

नव्वदच्या दशकातली गोष्ट. चाळिशी उलटली आणि मला संडासवाटे रक्त पडायला लागलं. मी घाबरलो नाही. आमच्या घराण्यात मूळव्याध आहे, तांबडा रस्सा बाधतो, असं आई सांगायची. मी रस्सा सोडला. रक्त थांबलं नाही.

त्या वर्षी हेळवी आला, पण हसला नाही. “लई वाळलायसा की,” म्हणाला आणि न विचारता चोपडी उघडली. आजा, अडतीस, पोटानं. थोरला चुलत आजा, बेचाळीस, पोटानं. आत्या, पस्तीस, पोटानं. प्रत्येक नावापुढे एक वाटोळं आणि मध्ये ठिपका. ही खूण त्याच्या बापाने सुरू केलेली. माझे वडील, एकोणचाळीस. वाटोळं, ठिपका.

“आनि तुमचा काका. चव्वेचाळीस.”

काका गेल्याचं मला कळलं होतं. कशाने, ते विचारायला मी गेलो नव्हतो. त्याच्या नावापुढेही तेच वाटोळं. ज्याने माझ्या बापाला मारलं असं मी मानत आलो, तो माझ्या बापासारखाच मेला होता.

“भीती इकाय आलास व्हय रं?” मी हातातला पाना आपटला. “आता शांती कराय सांगशील. बोल, काय मागतोस?”

“भीती तुमच्याच घरातली हाय, अण्णा. मी नुस्ती वाचतोय.”

मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. त्याने टॉवेलसुद्धा मागितला नाही. तेच मला खटकलं. ज्याला काही विकायचं असतं, तो भाव केल्याशिवाय कधी जात नाही.

चार दिवसांनी डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी विचारलं, “वडील कशानं गेले?”

“भावाच्या धसक्यानं,” मी म्हणालो. जन्मभराचं उत्तर, पण त्या दिवशी जीभ अडखळली.

दुर्बीण घातली. मोठ्या आतड्यात कोंबच कोंब होते, मोजता येणार नाहीत इतके. मूळव्याध नव्हतीच. एका कोंबात कर्करोगाने सुरुवात केली होती. आतडं काढावं लागणार होतं.

“हे पिढीतून उतरतं,” डॉक्टर म्हणाले. “मुलं किती?”

“एक मुलगी. बारा वर्षांची.”

“तिच्यात यायची शक्यता निम्मी. तिला आत्तापासून तपासत राहायचं. कोंब लवकर सापडले तर कर्करोगाच्या आधी गाठता येतं. भाऊबंदांनाही सांगा.”

आयुष्यभर भाव पाडत आलो. निम्म्याचं पाव करा, हे कुणाला म्हणणार?

टाके सुकल्यावर एसटीने हेळव्याच्या गावी गेलो. माफी मागायची मला सवय नाही. दारात उभा राहून म्हणालो, “नवं धोतार आनलंय.”

“बसा आधी,” तो म्हणाला.

त्याने चोपडी काढली. “जित्ती चार हायती, मुडशिंगीत. चला, मी येतो. हेळव्याला दारातनं कोन घालवत न्हाय.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “एक सोडून.”

काकाचा थोरला मुलगा दारात आडवा उभा राहिला. “तीस वर्सांनी उगवलास. वाटनी मागाय व्हय?”

तोंडात शिवी आली. हेळव्याने घंटा वाजवली. मी शिवी गिळली. “मागाय न्हवं. द्यायला आलोय.”

“बसा,” हेळवी त्याला म्हणाला आणि वाचायला लागला. भाऊ उभाच. काकाचं नाव आलं तसा तो उंबऱ्यावर बसला. मग हळूच म्हणाला, “मला बी रगात पडतंय. मूळव्याध म्हनून वैदाचं औषीद घेतोय.”

त्याला उशीर झाला होता. त्याच्या धाकट्या भावाला झाला नव्हता.

नंतर बरीच वर्षं हेळवी येत राहिला. एकदा मी विचारलं, “माझ्या नावाफुडं काय लिवनार?”

“ते तुमी गेल्यावर. आत्ताच भाव करू नगासा.”

मग एका सुगीला तो आला नाही. पुढच्या वर्षी त्याच्या घरून निरोप आला, तो गेल्याचा. सोबत आमच्या घराण्याची पानं. आता ती कुणी वाचणार नव्हतं. अक्षरं कानडी आहेत. मला फक्त ती खूण वाचता येते. शेवटच्या पानावर माझ्या नावाखाली एक नाव आहे, ते मुलीचं असणार. त्यापुढे जागा कोरी आहे.

दर तपासणीला मुलगी आत जाते. आजवर काही निघालेलं नाही. दर वेळी वाटतं, आज निघणार. बाहेर बाकीचे नातेवाईक उभे असतात, येरझाऱ्या घालतात. मी बसतो. पानं मांडीवर घेतो आणि त्या कोऱ्या जागेवर अंगठा दाबून धरतो. दार उघडेपर्यंत उचलत नाही.