गफूरभाऊंचा तुकडा

"उसवा!"

गफूरभाऊ असं ओरडले की आमचे हात जागच्या जागी थांबत. 'गाणं चुकलं' हे शब्द त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. गळ्यात मापाची टेप, कानावर पेन्सिल, आणि आम्ही बुलबुलतरंगावर जो काही धुमाकूळ घालत असू त्यावर त्यांचा एकच इलाज, "उसवा. परत शिवू. काई बिघडत नाई."

गोंडपिपरीच्या बाजाररस्त्यावर त्यांचं शिलाईचं दुकान होतं. मी तिथल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून आलो होतो. सदरा शिवायला टाकायला गेलो आणि अडकलो. "मास्तर, बोटं तं चांगली लांब हायेत. खडूच काऊन धरून राह्यले?" असं म्हणत त्यांनी बुलबुलतरंगाची लाकडी पेटी माझ्यापुढे सरकवली. वर तारा, डाव्या हाताने दाबायची बटणं. मला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिथे जमणाऱ्या इतरांचाही आनंदच होता. संपत धानाचा शेतकरी, शिवाय एक सोनार आणि एक पोस्टमन. अख्खं गाणं एकालाही यायचं नाही.

मग गफूरभाऊंनी दर्ज्याची अक्कल चालवली. चालीचे तुकडे केले आणि माणशी एक वाटून दिला. सुरुवात सोनाराची, मग पोस्टमन, मग मी, मग संपत. शेवटचा तुकडा, जो फिरून पहिल्याला येऊन मिळतो, तो त्यांचा स्वतःचा. "बाही तुमची, कॉलर त्याची. पन सदरा सगळ्याईचा," ते म्हणत. दुकान बंद झालं की मशीन बाजूला सारून तालीम चाले. बारसं असो, गणपती असो की उरूस, बोलावणं आलं की आम्ही हजर. गावातली टवाळ मंडळी म्हणायची, "पाच जनं मिळून एकच गानं वाजवतेत, बापा!" यावर सगळ्यात मोठ्याने हसायचे ते गफूरभाऊच.

एका पावसाळ्यात संपतचा मुलगा तापाने गेला. संपत घराबाहेर पडेना. गणपती तोंडावर आले होते, म्हणून मी त्याचा तुकडा घरी बसवला आणि तालमीत वाजवून दाखवला. गफूरभाऊंनी माझा हात थांबवला.

"मास्तर, तो तुकडा संपतचा हाय."

"अहो, पण गाण्यात भोक पडतंय!"

"पडू द्या. तुमी तिथी बसले, तं तो येईन तवा बसन कुठी?"

झालं! त्यानंतर संपतची पाळी आली की आम्ही गप्प बसायचो, नुसता पायाने ताल धरायचो, आणि तेवढी जागा सरली की गफूरभाऊ पुढचं उचलायचे. गणपतीत लोक फिदीफिदी हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गफूरभाऊ ढिम्म. दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी संपत दुकानासमोर येऊन उभा राहिला. गाण्यात आम्ही त्याच्या जागेपाशी आलो, गप्प झालो. तो तसाच ऐकत राहिला. मग चप्पल काढून आत आला. "बस. तुयीच जागा हाय," एवढंच म्हणून गफूरभाऊंनी त्याची पेटी त्याच्याकडे सरकवली.

त्यांची स्वतःची हौस एकच होती, वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला शिवरात्रीच्या जत्रेत वाजवायचं. "माया बाप जत्रेत मशीन मांडत जाय. टोप्या शिवे. मी बाजूले बसून देवळातली भजनं आयकत राहो," ते सांगत. पुढच्या वर्षी त्यांनी तिथलंच एक भजन निवडलं, तुकडे पाडले, आणि दसऱ्यापासून आमचा पिट्टा पाडला. आणि पौषात त्यांच्याच छातीत पाणी झालं. चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, इलाज नाही म्हणून तसंच परत आणलं.

मी भेटायला गेलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. आडवं झालं की श्वास लागे.

"तालीम चालू हाय ना?"

"चालू आहे. तुमची जागा रिकामी ठेवतोय."

त्यांनी डोळे मिटले. "तो तुकडा आता तुमी वाजवा, मास्तर."

माझं डोकंच फिरलं. "वा रे वा! नियम तुमचाच ना? मग तुम्ही याल तेव्हा बसाल कुठं?"

ते हसायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. "सदरा शिवून झाला का दर्जी त्याच्यात बसून राह्यते का?" मग माझा हात धरून म्हणाले, "मारकंड्यात भोक नका ठेवू."

मी हो म्हटलं नाही. शिवरात्रीच्या आधीच ते गेले.

जत्रेला जायचं की नाही, हे आमचं ठरेना. "जावंच लागन," संपत म्हणाला, आणि त्यानेच बैलबंडी जुंपली. डोंग्यातून वैनगंगा ओलांडली, देवळाजवळ वाळूत सतरंजी टाकली. भजन सुरू झालं. संपतचा तुकडा संपला आणि आम्ही गप्प. नुसते पाय हलत होते. लोक बघायला लागले. दुसऱ्या फेरीलाही तेच. तेव्हा संपत माझ्याकडे वळला.

"वाजवा ना, मास्तर."

"संपत, तू सांगतोस हे? तुझी जागा त्यांनी..."

"मी येनार होतो. म्हनून ठेवली त्यायनं." त्याचे डोळे भरून आले होते. "ते नाई येत आता."

तिसऱ्या फेरीला मी हात घातला. दुसऱ्याच सुरावर बोट घसरलं. चौघांचेही हात जागच्या जागी थांबले. आम्ही वाट पाहत होतो. जत्रेचा एवढा गलबला, त्यात तो एक शब्द काही येईना.

मग संपतनेच नाक पुसलं. "उसवा, मास्तर," तो म्हणाला. "परत शिवू."

सोनाराने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.