जोह्याहून आलेला क्रूस

रोह्याजवळ वरसे गावात आम्ही चार-पाच ख्रिस्ती घरं होतो, बहुतेक कंपनीतल्या नोकरीपायी आलेली. गुड फ्रायडेला पेणहून फादर यायचे आणि आमच्या पुढच्या खोलीत प्रार्थना व्हायची. आमचा उपास म्हटल्यावर शेजारच्या काकू न चुकता साबुदाण्याची खिचडी आणून द्यायच्या. प्रभूच्या मरणाच्या दिवशी साबुदाणा खाणारे ख्रिस्ती जगात आम्हीच असू, पण खिचडी झकास असायची.

एका वर्षी गुड फ्रायडेच्या तोंडावर आमच्या प्रार्थनेच्या क्रूसावरच्या येशूचा प्लास्टरचा हात निखळला. बाबांनी क्रूस पेणजवळच्या जोह्याच्या एका गणपती कारखान्यात दुरुस्तीला द्यायचं ठरवलं. आमच्यात सर्वांत वडीलधारे होते कोर्लईकडचे एक आजोबा, लेकीकडे राहायला आलेले. ते भडकलेच.

"गणपतीवाल्याच्या हातात देव द्यायचा? काय बिघडलं तर तुझ्या घरात पाय ठेवणार नाय मी."

बाबा हट्टी, त्यांनी ऐकलं नाही. पण त्यांची झोप उडाली. आजोबा त्यांना वडिलांच्या जागी होते.

आदल्या दिवशी, गुरुवारी बाबा क्रूस घेऊन आले. गणपती घरी नेताना झाकतात, तसं कारागिरानेही येशूचं तोंड रुमालाने झाकून दिलं होतं. आमच्यातही त्या दिवसांत क्रूस झाकायची रीत आहेच. बाबांनी वरून जांभळं कापड गुंडाळलं आणि आत कोणी डोकावलंच नाही.

शुक्रवारी दुपारी फादरांनी सगळी कापडं काढली. हात बेमालूम बसला होता. पण मरण पावलेल्या येशूचे डोळे टक्क उघडे होते, काळेभोर आणि पाणीदार.

बाबांनी बोलावलं म्हणून कारागीरही आला होता. दारापाशी उभ्या उभ्या तो बाबांना हळूच म्हणाला, "डोळ्यांचा रंग पार उडाला व्हता. म्हटलं, आखून देऊ. डोळ्यांबिगर मूर्ती देत नाय आम्ही."

मला हसूही येत होतं आणि बाबांकडे बघवतही नव्हतं. त्यांचा चेहरा पडला होता.

क्रूसावरच्या येशूच्या पायांचं चुंबन घ्यायचा पहिला मान आजोबांचा. ते काठी टेकत पुढे गेले, वाकले आणि तसेच थांबले. त्या डोळ्यांकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी पायांवर ओठ टेकले. परत फिरले ते थेट दाराकडे, बाबांपाशी.

कारागीर घाबरून म्हणाला, "आजोबा, चुकलं असंल तर मिटून देतो डोळे."

"नको," आजोबा म्हणाले. "माझा पोरगा गेला तवापासून याच्या पाया पडतोय मी. आज यानं बघितलान माझ्याकडं."

मग बाबांचा हात धरून ते खाली सतरंजीवर बसले. बाबा लहान मुलासारखे रडले. दिवसच तसा होता, त्यामुळे कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.