आईचा अंगठा आणि माझं नाक

आमच्या मोहाडीकडे बाळाला न्हाऊ घालताना तेलाच्या अंगठ्यानं त्याचं नाक दाबून सरळ करतात. माझं काही सरळ झालं नाही. उलट बाराही महिने चोंदलेलं, कपाळ जड, आणि धानाची मळणी सुरू झाली की विचारूच नका. एका डॉक्टरांनी नाकाचं हाड वाकडं आहे म्हणून सांगितलं, आणि आईनं ते स्वतःवर ओढून घेतलं. लहानपणी आपणच जोरात दाबलं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला राग यायचा. शिंकणारा मी आणि सांत्वन तिचं.

माझी मुलगी झाली तेव्हा मात्र मी हादरलो. आईनं नातीला न्हाऊ घालायला साफ नकार दिला. शेजारच्या काकू रोज येऊन अंघोळ घालायच्या आणि आई दारात टॉवेल धरून उभी. ते मला बघवत नव्हतं.

शेवटी भंडाऱ्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, आईला मुद्दाम बरोबर नेलं. स्कॅनमध्ये नाकातली मधली भिंत डावीकडे झुकलेली दिसली, पण सायनस तुंबलं होतं उजवीकडे. तिथं आतलं एक हाड हवा भरून पुरीसारखं फुगलं होतं आणि निचऱ्याची वाट अरुंद झाली होती. बाई म्हणाल्या, अशी वाकडी भिंत किंवा फुगलेलं हाड कितीतरी जणांना असतं आणि काही त्रास होत नाही. माझ्या बाबतीत सूज आणि धुळीची भर पडली. आधी मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, स्प्रे मारायचा, मग पुढचं बघू.

आईनं एवढंच विचारलं, "थे हाड माह्या अंगठ्यानं फुगलं का जी?"

"नाही मावशी. तिथवर कोणाचाच अंगठा पोचत नाही."

घरी पोचल्यावर आई म्हणाली, "मंग मी इतके वर्सं काहून भेऊन राहिली होती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या, तर आई पाटावर पाय पसरून बसली होती आणि पायांवर नात. हात, पाठ, पोटऱ्या चोळून झाल्या. नाकाशी आल्यावर तिचा अंगठा थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिनं दाबलं नाही, नुसतं तेलाचं बोट हलकेच फिरवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "बापावर गेलं हाय."

मला भरून आलं, आणि नाक धुवायच्या निमित्तानं मी मोरीकडे पळालो.